मॅचिंग कॉम्प्लेक्समधला ३ कुठून येतो: प्रकल्प नोंदी, पुणे

७ जून

कामाची हद्द ठरली. ग्राफवरून बनणाऱ्या सिंप्लिशियल कॉम्प्लेक्सच्या (बिंदू, कडा, त्रिकोण असे सिंप्लेक्स जोडून केलेल्या आकाराच्या) पूर्णांक होमॉलॉजीत (आकारातली ‘भोकं’ पातळीगणिक मोजणाऱ्या ग्रुपांत) टॉर्शन (काही पट घेतल्यावर शून्य होणारा भाग; ३x = ० असेल तर ३ चं टॉर्शन) कुठे येतं ते मोजायचं, आणि जमेल तिथे ते कशामुळे येतं हेही हातानं दाखवायचं. एरंडवण्यातल्या शनिवारच्या वर्गाला येणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलांना नुसतं ‘सॉफ्टवेअरनं ३ सांगितला’ एवढं पुरत नाही, आणि ते बरोबरच आहे.

ग्राफवरून कॉम्प्लेक्स बनवायच्या तीन वाटा डोळ्यांसमोर होत्या. क्लिक कॉम्प्लेक्समध्ये सगळे एकमेकांना जोडलेले शिरोबिंदू मिळून एक सिंप्लेक्स होतो. इंडिपेंडन्स कॉम्प्लेक्समध्ये नेमकं उलट. मॅचिंग कॉम्प्लेक्समध्ये ग्राफची प्रत्येक कड हाच एक शिरोबिंदू, आणि एकमेकींना न शिवणाऱ्या कडांचा संच म्हणजे सिंप्लेक्स. पहिल्या दोन प्रकारांत टॉर्शन सहज सापडत नाही. प्रोजेक्टिव्ह प्लेनचं (एकाच बाजूचा बंद पृष्ठभाग, ज्यात २ चं टॉर्शन असतं) ६ शिरोबिंदूंचं त्रिकोणीकरण सर्वांना माहीत असतं, पण त्यात प्रत्येक शिरोबिंदू इतर पाचही शिरोबिंदूंना जोडलेला आहे. त्या ग्राफचं क्लिक कॉम्प्लेक्स घेतलं तर भरीव सिंप्लेक्स मिळतो आणि टॉर्शन संपतं. क्लिक कॉम्प्लेक्स म्हणून प्रोजेक्टिव्ह प्लेन हवा असेल तर किमान ११ शिरोबिंदू लागतात (३० कडा, २० त्रिकोण).

मॅचिंग कॉम्प्लेक्समध्ये मात्र टॉर्शन लवकर येतं आणि ते २ चं नसून ३ चं असतं. म्हणून मुख्य काम तिथेच. n बिंदूंच्या पूर्ण ग्राफच्या (प्रत्येक दोन बिंदूंत कड असलेल्या) मॅचिंग कॉम्प्लेक्सला या नोंदींत एम(n) लिहू, म्हणजे एम(७), एम(१०) वगैरे. एम(७) ची मोजदाद: २१ शिरोबिंदू, १०५ कडा, १०५ त्रिकोण. होमॉलॉजी सगळीकडे रिड्यूस्ड, म्हणजे शून्याव्या पातळीवर एक रँक कमी धरलेली.

१० जून

बाउंडरी मॅट्रिक्स (∂, प्रत्येक सिंप्लेक्सच्या सीमेवर एक मिती कमी असलेले कोणते सिंप्लेक्स आहेत ते सांगणारी; ∂k ही k मितीच्या सिंप्लेक्सची) तयार करणारा कोड झाला. बिंदूंच्या जोड्यांना कोशक्रमाने नंबर दिले, मॅचिंग म्हणजे चढत्या नंबरांची यादी, आणि यादीतल्या जागेवरून + किंवा − चिन्ह.

पहिल्याच दिवशी चूक सापडली. मॅचिंग एके ठिकाणी ‘फ्रोझनसेट’ म्हणून साठवलं होतं आणि चिन्ह ठरवताना त्याच क्रमानं वाचलं होतं. सेटमधला क्रम चढताच असेल याची हमी नसते. गंमत अशी की २ च्या मॉड्युलोत (आकड्यांची २ ने भागून उरणारी बाकीच ठेवली तर) सगळ्या चाचण्या पास होत होत्या, कारण तिथे + आणि − एकच. म्हणून नियम: ∂∂ = ० ही चाचणी पूर्णांकांवरच घ्यायची. मॉड २ वर पास झालेली चाचणी चिन्हांबद्दल काहीही सांगत नाही.

तपासणीसाठी ३×४ चा चेसबोर्ड कॉम्प्लेक्स घेतला (एकमेकांना न मारणाऱ्या हत्तींची मांडणी): १२ शिरोबिंदू, ३६ कडा, २४ त्रिकोण. हा टोरस (मेदूवड्यासारखा पृष्ठभाग) आहे. पहिली होमॉलॉजी रँक २ (टॉर्शन सोडून उरणारे स्वतंत्र घटक), दुसरी रँक १, कुठल्याही मूळ संख्येला टॉर्शन नाही. कोडचं उत्तर तेच आलं.

१४ जून

रँकचं गणित. पूर्णांक स्मिथ रूप (ओळी-स्तंभांवर पूर्णांक क्रिया करून मॅट्रिक्स कर्णावर आणणं; कर्णावरचे १ हून मोठे आकडे म्हणजे टॉर्शन) काढण्याआधी वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या मॉड्युलोत रँक काढणं स्वस्त पडतं. परिमेय रँकच्या जागी मॉड २१४७४८३६४७ वापरतो. ही मूळ संख्या २ च्या ३१ व्या घाताहून एकने कमी आहे, त्यामुळे दोन घटकांचा गुणाकार ६४ बिटांत मावतो. खात्रीसाठी आणखी एक मोठी मूळ संख्या. फ्लोटिंग पॉइंटवरून रँक काढायची नाही. तिच्यातून मिळालीच तर परिमेय रँक मिळते, आणि टॉर्शन तिथे दिसतच नाही.

एम(७) मध्ये ∂२ ही १०५×१०५ ची मॅट्रिक्स:

मॉड २, मॉड ५, मॉड ७, मोठी मूळ संख्या: रँक ८५
मॉड ३: रँक ८४

∂१ ची रँक २०, म्हणून त्याचा कर्नल (∂१ ने शून्य होणारा भाग) ८५. परिमेयांवर पहिली होमॉलॉजी शून्य, दुसरी २०. मॉड ३ मध्ये पहिली १, दुसरी २१. वर्गात इथे नेहमी प्रश्न येतो: दोन ठिकाणी वाढ झाली म्हणजे टॉर्शनही दोन ठिकाणी का? नाही. युनिव्हर्सल कोएफिशंट प्रमेयानुसार k व्या पातळीवरचं p-टॉर्शन (p ही मूळ संख्या) मॉड p मध्ये k आणि k+१ अशा दोन्ही पातळ्यांवर उमटतं. पहिल्या पातळीवरचा एकच ३ दोनदा मोजला गेला आहे. बूक यांनी १९९२ मध्ये दाखवलेला हाच तो ३ क्रमाचा चक्रीय ग्रुप.

स्मिथ रूपाच्या कोडसाठी वेगळी, बरीच कडक चाचणी. ६ शिरोबिंदू आणि त्यांच्या सगळ्या १५ कडा घ्या, २० त्रिकोणांतून १० निवडा: १,८४,७५६ निवडी. प्रत्येकीची होमॉलॉजी काढा. परिमेयांवर शून्य होमॉलॉजी असलेल्या निवडींत टॉर्शनच्या क्रमाचा वर्ग मिळवत गेलं तर कलाईंच्या १९८३ च्या सूत्रानुसार बेरीज ६ चा सहावा घात, म्हणजे ४६,६५६ यायला हवी. आपल्या कोडला ४६,६०८ टॉर्शनविरहित आणि १२ टॉर्शन २ वाल्या निवडी सापडल्या. ४६,६०८ + १२×४ = ४६,६५६. त्या १२ म्हणजे नावं दिलेल्या ६ बिंदूंवरचे प्रोजेक्टिव्ह प्लेनच. ज्याला स्वतःचा स्मिथ कोड लिहायचा आहे त्याने ही चाचणी चुकवू नये, कारण टॉर्शन निसटलं तर इथे बेरीजच जुळत नाही.

२१ जून

पालख्या शहरात, रस्ते बंद. बैठक फोनवर, छोटी.

एम(९): मॉड ३ मध्ये ∂३ ची रँक ८६७, इतरत्र ८७५. म्हणजे दुसऱ्या पातळीवर ३ चे आठ घटक. एम(१०): ∂३ चा आकार ३१५०×४७२५, रँक २५६४, मॉड ३ मध्ये २५६३. एकच ३.

या पद्धतीची एक मर्यादा लिहून ठेवायला हवी. मॉड ३ ची रँक फक्त ‘किती’ ते सांगते. घटक ३ आहे, ९ आहे की २७, ते कळत नाही. त्यासाठी स्मिथ रूपच लागतं, आणि तिथे दोन अडचणी येतात. पहिली, एलिमिनेशन करताना मधले आकडे फुगतात. ६४ बिटांचे पूर्णांक ओलांडले गेले तर नम्पायच्या (पायथनच्या गणिती लायब्ररीच्या) ॲरेत काही बोंब न होता आकडा उलटून ऋण होतो. म्हणून मर्यादा नसलेले पूर्णांक वापरायचे. दुसरी अडचण मेमरीची. एम(१२) ची ∂४ म्हणजे ५१,९७५×६२,३७०, सुमारे ३२४ कोटी जागा. ८ बाइटनं पूर्ण साठवली तर २६ जीबीच्या आसपास. प्रत्येक स्तंभात शून्येतर घटक मात्र पाचच, एकूण ३,११,८५०. विरळ साठवणीला पर्याय नाही.

क्रम असा ठेवला: आधी +१ किंवा −१ असलेले पिव्हट (ज्यांच्या मदतीनं ओळ-स्तंभातले बाकीचे घटक शून्य करतो ते) संपवायचे, त्यातही सर्वांत कमी भरलेला स्तंभ आधी. एम(७) मध्ये असे ८४ पिव्हट निघाले की २१×२१ चा तुकडा उरतो. त्याची रँक १ आणि प्रत्येक घटक ३ च्या पटीत. खरा मजकूर एवढाच. बाकीच्या ८४ ओळी ओझं म्हणून वाहिल्या.

२८ जून

मग ते ओझं आधीच का उतरवू नये? एम(७) वर ७ बिंदूंची सगळी क्रमांतरं काम करतात. एखादा ग्रुप घेऊन त्याच्या कक्षा (ग्रुप एकमेकांवर नेतो अशा सिंप्लेक्सचे गट) एकेका सिंप्लेक्ससारख्या धरायच्या (कोइन्व्हेरियंट चेन). ग्रुपच्या क्रमाला p ने भाग जात नसेल तर या छोट्या चेन कॉम्प्लेक्सचा p-भाग म्हणजे मूळ होमॉलॉजीच्या p-भागाचा कोइन्व्हेरियंट भाग. सरासरी काढताना ग्रुपच्या क्रमानं भागावं लागतं, एवढीच अट.

पहिला प्रयोग: सातही बिंदू एका चक्रात फिरवणारा ७ क्रमाचा ग्रुप. तो कुठलंही मॅचिंग जागच्या जागी ठेवत नाही, त्यामुळे आकडे सरळ सातनं भागले जातात: ३, १५, १५. ∂२ आता फक्त १५×१५. स्मिथ रूप: बारा वेळा १, एकदा २१, दोन शून्यं.

२१ बघून क्षणभर ७-टॉर्शन सापडल्यासारखं वाटतं. तसं नाही. त्यातला ३ हा एम(७) चा, आणि ७ हा ग्रुपचा. क्रिया मुक्त आहे, म्हणून भागाकार-अवकाशाच्या फंडामेंटल ग्रुपमध्ये (त्यातल्या बंद वाटांच्या ग्रुपमध्ये) ७ चा चक्रीय ग्रुप आपोआप येतो आणि पहिल्या होमॉलॉजीत उतरतो. ग्रुपच्या क्रमाला भागणाऱ्या मूळ संख्यांबद्दल छोट्या मॅट्रिक्सचं उत्तर वाचायचंच नाही. हा नियम फळ्यावर लाल खडूनं लिहिला आहे.

५ जुलै

७ चा ग्रुप एम(१०) ला उपयोगी नाही. जास्त सोयीचा वाटला तो जोड्यांचा: बिंदूंच्या जोड्या लावायच्या आणि प्रत्येक जोडीत अदलाबदल करायची. एम(१०) ला पाच जोड्या, ग्रुपचा क्रम ३२, ३ ने भाग जात नाही. सगळ्या अटी पूर्ण. आणि उत्तरात ३ गायब.

कोडमध्ये चूक शोधण्यात दुपार गेली. चूक कोडमध्ये नव्हती. एम(७) वर कागदावर पाहिलं तर कारण समोर येतं.

एम(७) मध्ये कुठल्याही दोन शिरोबिंदूंमधलं अंतर जास्तीत जास्त २, म्हणून लांबी ५ पर्यंतची चक्रं पाहिली की पुरे. लांबी ३ ची चक्रं भरलेली असतात. लांबी ५ चं चक्र छोट्या चक्रांत तुटत नसेल तर त्याच्या पाच कडा पाच बिंदूंवर पंचकोन करतात. उरलेल्या दोन बिंदूंची कड त्या पाचही कडांपासून अलग, म्हणून चक्र तिच्याशी शंकूसारखं जोडून भरलं जातं. राहिली लांबी ४ ची, आणि न भरलेली सगळी एकाच नमुन्याची: १२, ४५, २३, ५६, परत १२ (१२ म्हणजे बिंदू १ आणि २ ला जोडणारी कड, तसंच बाकीचं). आता १ आणि ३ ची अदलाबदल करा. १२ चा २३ होतो, २३ चा १२, चक्र उलटं फिरतं, म्हणजे −१ ने गुणलं जातं. पहिली होमॉलॉजी शून्य नाही हे माहीत आहे, म्हणून तिच्यावर प्रत्येक अदलाबदल −१ सारखी वागते.

एम(१०) मध्येही तसंच. तिथला जनक (ज्याच्या पटींतून सगळा ग्रुप मिळतो तो घटक) हा (१२−२३), (४५−५६), (७८−८९) या तीन फरकांचा जोड आहे, म्हणजे प्रत्येक फरकातून एक कड घेऊन होणारी मॅचिंगं, चिन्हांसह. आपण अदलाबदल ‘काहीच करत नाही’ असं धरून भागाकार घेतला, त्यामुळे x = −x, म्हणजे २x = ०, आणि ३x = ० आधीच. ३ उडणारच होता.

उपाय: भागाकार घेताना चिन्हासह घ्यायचा. क्रमांतर सम (सम संख्येच्या अदलाबदलींचं) असेल तर +, विषम असेल तर −.

६ जुलै

चिन्हासह भागाकार घेतल्यावर जे उरतं ते फार देखणं आहे, म्हणून सविस्तर.

एम(७) चे बिंदू: तीन जोड्या क, ख, ग (प्रत्येकीत क१, क२ असे दोन बिंदू) आणि एक सुटा बिंदू स. जोडी चिमटून एक ठिपका केली की मॅचिंगचा ग्राफ होतो. क, ख, ग ला जास्तीत जास्त दोन कडा, स ला एक. आता काय काय शून्य होतं ते पाहू. एखादी जोडी वापरलीच नसेल तर तिची अदलाबदल मॅचिंगला हात लावत नाही, पण चिन्ह − देते: शून्य. क१क२ ही कड असेल तरी तेच: शून्य. क आणि ख मध्ये दोन कडा असतील तर क ची आणि ख ची अदलाबदल एकत्र केल्यावर दोन कडा जागा बदलतात, दिशा उलटते, पण क्रमांतर सम: शून्य. उरतात ते साधे ग्राफ, ज्यांत क, ख, ग प्रत्येकाला एक किंवा दोन कडा आहेत.

दोन कडांचे असे ग्राफ सहा:
प(क), प(ख), प(ग): तीन ठिपक्यांवरचा रस्ता, कंसातला ठिपका मध्ये
ए(क), ए(ख), ए(ग): स ची कड कंसातल्या ठिपक्याला, उरलेले दोघं आपसात

तीन कडांचे सात: स पासून निघून तिघांना भेटणारे सहा रस्ते आणि क-ख-ग त्रिकोण. एका कडेचा एकही नाही. १०५×१०५ च्या जागी ६×७.

बाउंडरी हातानं काढली. उदाहरणार्थ रस्ता [सक१, क२ख१, ख२ग१]. पहिली कड काढली तर [क२ख१, ख२ग१], म्हणजे क ची अदलाबदल करून −प(ख). मधली काढली तर −[सक१, ख२ग१], ख ची अदलाबदल करून +ए(क). शेवटची काढली तर ग मोकळा पडतो, शून्य. म्हणून:

स-क-ख-ग: ए(क) − प(ख)
स-क-ग-ख: ए(क) − प(ग)
स-ख-ग-क: ए(ख) − प(ग)
स-ख-क-ग: ए(ख) − प(क)
स-ग-क-ख: ए(ग) − प(क)
स-ग-ख-क: ए(ग) − प(ख)
त्रिकोण: −प(क) − प(ख) − प(ग)

पहिल्या सहा ओळींनी सहाही जनक एका वर्तुळात बांधले जातात आणि सगळे सारखे होतात. सातवी ओळ म्हणते त्यांच्यातल्या तिघांची बेरीज शून्य. ३x = ०. स्मिथ रूप १, १, १, १, १, ३.

एम(७) मधला ३ म्हणजे या त्रिकोणाच्या तीन कडा. सगळे रस्ते सारखे ठरले, म्हणजे एकच x, आणि तो त्रिकोणातून एकेक कड काढून तीन प्रकारे मिळतो, एवढंच कारण. हे मुलांना फळ्यावर पंधरा मिनिटांत दाखवता येतं, संगणक न लावता. फक्त २-टॉर्शनबद्दल या मॅट्रिक्सवरून काही बोलायचं नाही, ग्रुपचा क्रम ८ आहे.

कोड लिहिताना सांभाळायची जागा: कक्षेचा प्रतिनिधी निवडून कडांची यादी पुन्हा चढती केली जाते, तेव्हा दोन चिन्हं लागतात, एक अदलाबदलींचं आणि एक यादी लावण्याचं. दुसरं विसरलं की काही ओळींत वजाच्या जागी अधिक येतो, वर्तुळात २x = ० तयार होतं आणि ३ परत गायब.

१२ जुलै

एम(१०) त्याच पद्धतीनं. पाच ठिपके, प्रत्येकाला एक किंवा दोन कडा, साधे ग्राफ. तीन कडांचे ३० (एक सुटी कड आणि तीन ठिपक्यांचा रस्ता), चार कडांचे ७० (पाच ठिपक्यांचे ६० रस्ते, आणि १० वेळा त्रिकोण व सुटी कड), पाच कडांचे १२ पंचकोन. मूळ ३१५०×४७२५ आता ३०×७०.

साठ स्तंभांत दोन-दोन शून्येतर घटक, ते तीसही जनकांना एकमेकांशी जोडतात. दहा स्तंभांत तीन-तीन. स्मिथ रूप: २९ वेळा १, एकदा ३. त्रिकोणाचंच काम इथेही. तिसऱ्या पातळीची रँक ७० − ३० − १२ = २८.

चेसबोर्डकडे फक्त एक नजर: ५×५ ला २५, २००, ६००, ६००, १२० सिंप्लेक्स. चार हत्ती ठेवले की पाचव्याची जागा ठरलेलीच, म्हणून वरची बाउंडरी एकास एक आणि चौथी होमॉलॉजी शून्य. दुसऱ्या पातळीवर ३, तिसरीची रँक ५६. तिथे रांगा आणि स्तंभ यांचे ग्रुप वेगळे असल्यामुळे चिन्हं दोन ठेवावी लागतात. ते पुढे कधीतरी.

१९ जुलै

आज एम(१४) वर चर्चा. शेरेशियन आणि वॉक्स (२००७) यांच्या निकालांपासून सर्वांत खालच्या शून्येतर पातळीवर ३ चंच राज्य दिसतं. अपवाद फक्त n = १४. तिथे चौथ्या पातळीवर ५-टॉर्शन आहे, जॉन्सन यांनी २००९ मध्ये दाखवलं. मूळ मॅट्रिक्स ∂५ चा आकार ९,४५,९४५×९,४५,९४५. पण त्यांची वाट हीच जोड्यांची: सात जोड्या, ग्रुपचा क्रम १२८, ५ ने भाग जात नाही. चिमटल्यावर सात बिंदूंवरचे, प्रत्येकाला जास्तीत जास्त दोन कडा असलेले ग्राफ मिळतात, आणि त्यांच्या कॉम्प्लेक्समध्ये ५-टॉर्शन आहे हे अँडरसन यांनी १९९२ मध्येच काढलेलं होतं.

आमच्या लक्षात राहावं म्हणून फरक: इथे भागाकार चिन्हाविना आहे. दुहेरी कडा तेव्हाही उडतात (कडा जागा बदलतात, दिशा उलटते), पण मोकळे ठिपके आणि स्वतःलाच जोडणारी कड, दोन्ही टिकतात. म्हणून शिरोबिंदू २१ + ७ = २८, आणि दोन कडांचे ग्राफ २१० + १०५ + २१ = ३३६, मूळच्या ९१ आणि ३००३ च्या जागी. कोणत्या मूळ संख्येसाठी चिन्ह ठेवायचं आणि कोणत्यासाठी नाही हे आधी सांगता येत नसेल तर दोन्ही चालवून बघायचं. दोन्हीकडे काही दिसलं नाही तरी मूळ कॉम्प्लेक्समध्ये टॉर्शन नाही असं म्हणता येत नाही. दिसलं तर मात्र ते आहेच.

आपल्या कोडवर शेवटची चाचणी एम(१३) ची, चिन्हासह: सहा ठिपके आणि सुटा स. एम(७) आणि एम(१०) मध्ये उत्तराची पातळी सर्वांत खालची होती. इथे तिच्याखालीही ग्राफ आहेत: तीन कडांचे १५. चार कडांचे ५४०, पाच कडांचे १९६५. हे आकडे आधी हातानं मोजले, मग कोडशी जुळवले. ∂३ ची रँक मॉड ३ मध्येही पूर्ण १५. ∂४ चा आकार ५४०×१९६५, एरवी १,३५,१३५×२,७०,२७० झाला असता. ∂३ चा कर्नल ५२५. ∂४ ची रँक मोठ्या मूळ संख्येला ५२५, मॉड ३ मध्ये ५२४. पिव्हट संपल्यावर उरलेल्या ओळीतल्या घटकांचा मसावि काढला, ३-भाग ३ आहे, ९ नाही.